डुलणारं पातं

एक

दगड कधी डुलतो का? पण डुलला. संघप्रिया गमरेच्या डोळ्यांदेखत, काचेवर ठेवल्याबरोबर दोनदा इकडून तिकडे झाला आणि थांबला. तिने बोटाने पुन्हा जरासा ढकलला. पुन्हा डुलला.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

१९९४च्या फेब्रुवारीतला गुरुवार होता, म्हणजे बहरीनमध्ये सुट्टीचा दिवस. आठवडाभर ती मनामातल्या एका कंत्राटदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात नळांची आणि गटारांची ड्रॉइंगं काढायची, आणि सुट्टीचे दोन दिवस बुदैयाला हॉलिससाहेबांच्या बंगल्यावर येऊन दगड काढायची. दगड म्हणजे भाल्यांची पाती. हॉलिस अमेरिकन, तेल कंपनीतून निवृत्त झालेला भूशास्त्रज्ञ. त्याच्या आजोबांच्या कुरणात कधीकाळी अकरा दगडी पाती सापडली होती. माणसाने अमेरिकेत नुकता कुठे जम बसवला होता, तेव्हाच्या शिकाऱ्यांची. अकरा हजार वर्षांहून जुनी. म्हातारा त्यांच्यावर पुस्तक लिहीत होता. फोटोत अशा दगडाचे टवके नीट उठत नाहीत, म्हणून प्रत्येक पातं हाताने काढावं लागतं. कुठला टवका आधी उडाला, कुठला नंतर, घाव कुठल्या बाजूने बसला, बुडाकडून वर गेलेली खोबण किती खोल, सगळं शाईच्या रेघांत. उजेड नेहमी वरून डावीकडून. स्वतःच्या मनाची एक रेघ घालायची नाही.

वर्षभरात संघप्रियाला ही अकरा पाती तोंडपाठ झाली होती. सात नंबरचं तर लाडकं. मधाच्या रंगाचं, उन्हात धरलं की कडा उजळायच्या. आणि ते जरासं वाकलेलं होतं, जेमतेम दोन मिलिमीटर. तोंडाची बाजू वर करून काचेवर ठेवलं की पालथ्या कौलासारखं दोन्ही टोकांवर पक्कं बसायचं. मधल्या फटीतून पोस्टकार्ड आरपार जायचं. नोव्हेंबरात तिने ते स्वतः घालून पाहिलं होतं.

आज छापायला पाठवण्याआधीची शेवटची तपासणी होती, आणि सात नंबर उताण्या कौलासारखं पोटावर डुलत होतं.

गप्प बसली असती तर? कुणाला पत्ता लागला नसता. पेटीत मखमल होती, मखमलीवर कुठलाच दगड डुलत नाही. पण तिच्या मनात हे आलंसुद्धा नाही. ती उठली, व्हरांड्यात गेली आणि म्हणाली, "सर, समथिंग इज राँग विथ नंबर सेव्हन."

हॉलिसने भिंग लावलं. वजन केलं. मग भिंग खाली ठेवून त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना.

"हे माझं पातं नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "नक्कल आहे. आणि नक्कल करणाऱ्याला यातला प्रत्येक टवका माहीत होता. वर्षभर हे पातं कुणाच्या हातात होतं, मिसेस गमरे?"

दोन

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस आला. सूटबूटवाला कुणी गोरा येईल अशी संघप्रियाची समजूत होती. आला तो बुटका, पोट सुटलेला, हातात प्लास्टिकची पिशवी घेतलेला. टेबलाशी बसलेल्या संघप्रियाची शीटवरची सही त्याने वाचली आणि सरळ मराठीत विचारलं, "गमरे? रत्नांग्रीकडची काय गो तू?"

"मंडणगड," ती चकित होऊन म्हणाली.

"मी हर्णैचा. उस्मान परकार. सोळा वर्षं झाली, या बेटावर जळलेली गोदामं नि ठोकलेल्या गाड्या बघत फिरतोय. दगड पहिल्यांदाच आलाय नशिबात." त्याने पिशवीतून खारे शेंगदाणे काढून तिच्यापुढे ठेवले. "खा. रडलेली दिसतंस."

"मी नाही रडले."

"बरं, नाय रडलीस. खा."

हॉलिसने त्याला आधीच सांगितलं होतं: शनिवारपर्यंत छडा लागला नाही, तर मामला पोलिसांत जाईल. आणि पोलिसांत गेला की संघप्रियाचा व्हिसा गेला, नोकरी गेली. नवरा विश्वजीत तिकडे शिफ्टमध्ये लोखंड कापतोय, त्याच्याही साहेबाच्या कानावर गेल्याशिवाय राहायचं नाही. चोरीचा शिक्का घेऊन मंडणगडला उतरायचं? तिकडे वडील अख्ख्या वाडीला सांगत सुटले होते, की पोरीचं नाव अमेरिकेच्या पुस्तकात येणार म्हणून.

"त्या कपाटापर्यंत कोण कोण जातं?" उस्मानने विचारलं.

चौघं. हॉलिस स्वतः. ती. फोटो काढणारा इमाद मुकादम, ज्याचा मनामात, बाब अल बहरीन वेशीजवळच्या गल्लीत स्टुडिओ होता. आणि घर सांभाळणारा अलीमियाँ, ज्याच्या कमरेला किल्ल्या असत.

"अजून कोण?"

"कोणी नाही. म्हणजे एरवी शुक्रवारी आमचे सर येतात, पण ते शीट तपासायला. दगडाला हात लावत नाहीत."

"सर म्हंजे?"

संघप्रियाचा चेहरा जरा उजळला. सर म्हणजे केशवराव सकपाळ. ड्रॉइंग ऑफिसातले हेड ड्राफ्ट्समन. बहरीनला येण्याआधी दापोलीला क्लास घ्यायचे. त्यांनीच तिच्या हातात पहिल्यांदा टी-स्क्वेअर दिला. घरचे म्हणत होते, मुलीला कशाला ते. तर सर स्वतः वाडीत येऊन वडिलांपुढे बसले आणि म्हणाले, बाबासाहेबांनी काय सांगितलं ते भिंतीवर लावण्यापुरतं आहे काय? पुढे तिला इथे नोकरी लावली ती त्यांनीच. हॉलिसला तिचं नाव सुचवलं तेही त्यांनीच.

"आधी साहेबांनी सरांनाच बोलावलं होतं," ती म्हणाली. "पण सरांचा हात आता थोडा कापतो. म्हणून ते म्हणाले, माझी पोरगी आहे, ती करील."

"आणि हे दरवेळी तपासतात?"

"एकेक रेघ. त्यांचं तपासून झालं, की मग मला झोप लागते."

उस्मानने एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि खोटं सात नंबर उचलून उजेडात धरलं. त्यातून एक पांढरी शीर गेली होती, केसाएवढी बारीक. तो ती शीर बराच वेळ पाहत राहिला. मग त्याची नजर संघप्रियाच्या गळ्याशी आली आणि तिथेच खिळली.

"बाय," तो हळूच म्हणाला, "हा मणी तू कुठून आणलास?"

तीन

काळ्या दोऱ्यात ओवलेला मधाच्या रंगाचा मणी होता. संघप्रियाने तो नकळत मुठीत धरला.

"सरांनी दिला. डिसेंबरात रजेवर गेले होते ना, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला. तिथल्या स्टॉलवर मिळाला म्हणाले."

"बघू जरा."

तिने दोरा काढून दिला. उस्मानने मणी आणि पातं शेजारी धरलं. तोच रंग आणि तीच केसाएवढी पांढरी शीर.

"आमच्यात अकीकची अंगठी घालतात," तो म्हणाला आणि स्वतःचं बोट पुढे केलं. "माझ्या बापजाद्यांपासून गुजरातेतल्या खंबातचा अकीक घरात. दगड मला कळतो. हे दोन्ही खंबातच्या एकाच धोंड्याचे तुकडे आहेत."

संघप्रियाने खुर्ची मागे सारली. "म्हणजे काय म्हणताय तुम्ही? मी..."

"मी काय म्हणत नाय. पण गोरा हा मणी बघील तर काय म्हणेल, सांग."

उस्मानने मणी खिशात टाकला. "माझ्याकडे राहू दे. आणि तुझ्या सरांना एवढ्यात काय बोलू नको. पातं डुलतंय ते कोणाला ठाऊक आहे?"

"मला आणि साहेबांना. बाकी सगळ्यांना एवढंच, की नक्कल आहे."

"खलास. तेवढंच राहू दे."

दुपारी त्याने इमादला गाठलं. इमाद आधी उखडला, मग घाम पुसू लागला. "चाचा, मला चोरायचंच असतं तर सप्टेंबरमध्ये दोन दिवस सगळे दगड माझ्या स्टुडिओत होते! साचा घेतला असता मस्तपैकी. दोन बाजूंनी फोटो काढले, परत दिले, सही घेतली. यल्ला, चला, बघा रजिस्टर!"

अलीमियाँ तर ऐकूनच घेईना. "साहब, मुझे तो सब पत्थर एक जैसे दिखते हैं," तो म्हणाला. किल्ल्या मात्र त्याच्या कमरेलाच असायच्या, हे त्याने कबूल केलं. कपाट सकाळी तो उघडी आणि संध्याकाळी मोजून लावी. दिवसभर ते मॅडमच्या ताब्यात.

"आणि मॅडम उठून गेल्या तर?"

"मॅडम उठतीच नहीं। बस जुम्मे को, जब ड्रॉइंगवाले बडे साहब आते हैं तब। वो चाय के लिए भेजते हैं ना।"

उस्मानने हे ऐकलं आणि काहीच टिपून घेतलं नाही.

चार

संध्याकाळी तो जिदहफ्सला गमऱ्यांच्या फ्लॅटवर हजर. विश्वजीत शिफ्टवरून नुकताच आला होता. त्याने दार उघडलं आणि आधी खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं.

"माझ्या बायकोने सुईसुद्धा कोणाची घेतली नाही कधी," तो म्हणाला.

"म्हणून तर तुमच्याकडे चहाला आलोय," उस्मान म्हणाला. "माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरत नाय. ती मला हिच्याकडून शिकायची आहे. नक्कल एवढी हुबेहूब, टवक्याला टवका लागतोय. मग बाक तेवढा उलटा कसा?"

संघप्रियाने सात नंबरच्या शीटची प्रत आणून जमिनीवर पसरली. डावीकडे पात्याचं तोंड काढलं होतं, आणि त्याच्या उजवीकडे कडेने पाहिलेलं पातं, कंसासारखं, पोट डावीकडे आलेलं. पाठीचं चित्र खाली वेगळं.

"तोंडाच्या चित्रात बाक दिसतच नाही," ती सांगू लागली. "फोटोतही नाही. तो फक्त या कडेच्या चित्रात आहे."

"म्हंजे दगड समोर ठेवून नक्कल केली असती..."

"तर बाक चुकलाच नसता. साचा घेतला असता तरीही." ती बोलता बोलता थांबली. "त्याच्याकडे दगड नव्हता. नुसतं हे चित्र होतं."

"आणि चित्र बघून उलटा बाक कसा येतो?"

हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता. तिने ताटातलं एक केळं उचललं, कागदावर ठेवलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. विश्वजीतही वाकून पाहू लागला. तो कारखान्यात रोज ड्रॉइंगं वाचणारा माणूस.

"हे काय गं?" तो एकदम म्हणाला. "ही तू डावी कड काढलीस ना? मग बाक आत पाहिजे. म्हणजे पोट मागे."

"नाही, उजवी कड आहे ती."

"उजवी कड उजवीकडे? फर्स्ट अँगलमध्ये?"

संघप्रियाच्या हातातलं केळं तसंच राहिलं.

उस्मान दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. "मला मराठीत सांगा."

"आम्हाला आयटीआयला शिकवतात," ती सावकाश म्हणाली, "की वस्तू डावीकडून पाहिली, की ते चित्र उजवीकडे काढायचं. इंग्रजांची पद्धत, फर्स्ट अँगल. अमेरिकन लोकांचं उलट, थर्ड अँगल. ते उजवीकडून पाहिलेलं उजवीकडेच काढतात. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, पुस्तक अमेरिकेत छापायचंय, आमच्या पद्धतीने काढ. मी काढलं. इंजिनीअरिंगमध्ये कोपऱ्यात एक चिन्ह टाकतात, कुठली पद्धत ते कळायला. साहेबांना चित्राच्या पानावर तसलं काही नको होतं. म्हणून चिन्ह नाही."

"आणि चिन्ह नसेल तर?"

"तर आपल्याला शिकवलंय त्याच पद्धतीने वाचणार. हे आत्ता यांनी वाचलं तसं. बाक उलटा येणार." तिने शीटच्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "सरांनी विचारलं होतं मला, चिन्ह का नाही? मी म्हटलं, साहेबांना नकोय. ते म्हणाले, ठीक आहे, आपल्याला माहीत आहे कसं आहे ते. आणि मी गप्प बसले."

"का गो?"

"त्यांची पद्धत मी सोडली, हे कसं सांगायचं त्यांना? त्यांनी हाताला धरून शिकवलेली. त्यांना वाईट वाटलं असतं."

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. उस्मानने चहाचा कप खाली ठेवला.

"नोव्हेंबरात शीट पुरी झाल्यावर तिची प्रत कोणी घेतली?"

"सरांनी," ती म्हणाली. "अमोनिया प्रिंट काढून ठेवतो म्हणाले. मूळ हरवलं तर तुझी मेहनत वाया जायला नको, म्हणून." आणि मग ती तटकन उठली. "नाही! उस्मानभाई, तुम्ही सरांना ओळखत नाही. ते असं करणारच नाहीत. कोणी ती प्रिंट त्यांच्याकडून चोरली असेल. मी त्यांच्याकडे जाते, आत्ता विचारते!"

"बस खाली," उस्मान म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला होता. "तुला सांगणार नव्हतो. काल गोऱ्याने तुझ्या सरांना फोन करून विचारलं, की ही मुलगी भरवशाची आहे का. त्यांनी काय सांगितलं ठाऊक आहे? म्हणाले, काम चांगलं करते, पण माणसाची खात्री मी देऊ शकत नाही. तिच्या गळ्यात हल्ली तसल्याच दगडाचा मणी दिसतो, एकदा बघून घ्या."

विश्वजीतने शिवी हासडली. संघप्रिया रडली नाही, ओरडली नाही. ती केळं सोलायला लागली, सोलून झाल्यावर तिला ते कशासाठी सोललं तेच आठवेना. दापोलीच्या क्लासात एकदा पावसात भिजून गेली होती, तर सरांनी स्वतःचा शर्ट काढून तिच्या बोर्डावर टाकला होता. पोरीपेक्षा शीट महत्त्वाची, म्हणून सगळा वर्ग हसला होता. तीही हसली होती. तोच माणूस हा.

पाच

शनिवारी ऑफिस सुटल्यावर सगळे हॉलिसच्या अभ्यासिकेत जमले. केशवराव सफारी घालून आले होते, हातात नेहमीची चामड्याची बॅग. संघप्रियाच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "जय भीम, पोरी. घाबरू नको, मी आहे."

तिने जय भीम म्हटलं. तो हात डोक्यावर असेपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता.

उस्मानने अलीमियाँकडून कणीक मळून घेतली होती. तीन गोळे केले. एक इमादपुढे, एक अलीमियाँपुढे, एक केशवरावांपुढे. मधे सात नंबरची शीट.

"हा काय पोरखेळ!" केशवराव हसले.

"सर, मी अडाणी माणूस," उस्मान म्हणाला. "विम्याच्या रिपोर्टात लिहावं लागतं, की नुसतं चित्र बघून असलं पातं घडवता येतं का. मला तर वाटतं, नाय येत."

"का नाही येणार? चित्र कशासाठी असतं मग?"

इमादने गोळा चपटा केला आणि पानासारखा कापला. कडेच्या चित्राकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. अलीमियाँने बाटी केली, वर बोटाने खड्डा पाडला आणि हात झटकले. केशवरावांनी मात्र चष्मा लावला. आणि मग त्यांचे हात असे चालायला लागले, की हॉलिससुद्धा खुर्चीतून पुढे झुकला. कापणारी बोटं, पण कणकेला लागली की स्थिर. त्यांनी तोंड घडवलं, खोबण ओढली, मग कडेच्या चित्रावर एक नजर टाकली आणि अंगठ्याच्या एका दाबाने पात्याला बाक दिला. शीटकडे दुसऱ्यांदा पाहावंसुद्धा लागलं नाही.

"घ्या," ते म्हणाले. "तुमचं सात नंबर."

हॉलिसने उस्मानकडे पाहिलं. उस्मानने संघप्रियाकडे. ती उठली. तिने कणकेचं पातं अलगद उचललं, तोंड वर करून काचेवर ठेवलं. ते डुललं. शेजारी दगडाची नक्कल ठेवली. तीही डुलली.

"खरं सात नंबर डुलत नाही, सर," ती म्हणाली. "त्याचा बाक दुसऱ्या बाजूला आहे. ही शीट थर्ड अँगलमध्ये आहे. साहेबांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आमच्यापैकी कुणी नक्कल केली असती तर बाक बरोबर आला असता. इमादकडे दगडच होता, तो चुकला नसता. अलीमियाँना चित्र वाचता येत नाही. ज्याने केली त्याच्याकडे दगड नव्हता, शीट होती. आणि मी आपल्याच पद्धतीने काढलं असणार, याची त्याला एवढी खात्री होती, की त्याने विचारलंसुद्धा नाही."

केशवराव काचेवरच्या दोन पात्यांकडे पाहत राहिले. कुणी काही बोलायच्या आधी त्यांच्या तोंडून शब्द गेले.

"तू पद्धत बदललीस?"

"हो."

"मला न सांगता?" त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता, आणि तेच तिला सहन झालं नाही. "मी शिकवलेलं सोडलंस, आणि मला सांगितलं नाहीस? एवढाच विश्वास माझ्यावर?"

"विश्वास!" संघप्रिया किंचाळली. "तुम्ही बोलताय विश्वासाचं? मला चोर ठरवायला निघालात तुम्ही! साहेबांना माझा मणी दाखवलात! चैत्यभूमीला जातो म्हणून गेलात, मी तुमच्याकडे मेणबत्तीचे पैसे दिले होते, सर, बाबासाहेबांसमोर लावायला. तुम्ही खंबातला जाऊन बसलात!"

"चैत्यभूमीला गेलो होतो," केशवराव पुटपुटले. "मेणबत्ती लावली. खंबातला नंतर गेलो."

उस्मानने मणी खिशातून काढून टेबलावर ठेवला. "प्रिंटवरून मातीचा नमुना केलात, तो कारागिराला दिलात. उरलेल्या तुकड्याचा मणी. मग जानेवारीतल्या एका शुक्रवारी हिला चहाला पाठवलंत आणि पातं बदललंत. मार्चला तुमचं फायनल एक्झिट, कायमचं घरी. तोवर असला माल माणूस नजरेआड ठेवत नाय. बॅग उघडता, का मी उघडू?"

त्यांनीच उघडली. आतून जुनी कंपास पेटी निघाली, निळ्या मखमलीची. दापोलीच्या वर्गात हीच पेटी मुलांच्या हातून हातात फिरायची आणि कुणी बोटांचे ठसे उठवले तर छडी बसायची. मोठ्या कंपासच्या खाचेत, चिंधीत गुंडाळलेलं सात नंबर होतं.

हॉलिसने ते काचेवर ठेवलं. पक्कं बसलं.

"का, मिस्टर सकपाळ?" त्याने विचारलं.

केशवरावांनी उत्तर त्याला दिलं नाही. ते संघप्रियाशी बोलत होते. "याने माझी शीट परत पाठवली होती. लाल फुली मारून. म्हणाला, हे इंजिनाचं ड्रॉइंग आहे, दगडाचं नाही. बारा वर्षं या वाळूत रेघा मारल्या, एका कागदावर माझं नाव नाही. आणि तुझं पुस्तकात येणार. माझ्याच हाताखालची. घेणारा एक जण होता, त्याने विचारलं, मी हो म्हटलं. तुझं काय, तू तरुण आहेस, नवरा कमावता आहे. परत गेली असतीस, दोन वर्षांत लोक विसरले असते."

"आणि मणी?" तिने विचारलं. "तो मला अडकवायला दिलात?"

"नाही गं." म्हाताऱ्याने मान हलवली. "देताना मायेनंच दिला. तुझ्यासाठी म्हणून घासून घेतला होता मुद्दाम. फोन आला तेव्हा घाबरलो, आणि तो आठवला."

मायेनं दिला आणि घाबरल्यावर तोच तिच्याविरुद्ध पुढे केला. यातलं जास्त काय लागलं, हे संघप्रियाला पुढे कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

हॉलिसने घसा खाकरला. पातं परत मिळालं होतं. पोलीस बोलवायचे की म्हाताऱ्याला पहिल्या विमानाने जाऊ द्यायचं, हे मिसेस गमरे म्हणतील तसं, असं तो म्हणाला. तिच्याशी आपण जे वागलो, त्याबद्दल माफीही मागितली, पण ती खाली बघून.

"ते तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "मला फक्त लिहून पाहिजे, की मी घेतलं नाही. यांच्या हाताने."

केशवरावांनी कागद ओढला. पेन्सिलीने आधी दोन बारीक रेघा आखल्या, वर एक, खाली एक, जशा ते वर्गात आखायला लावायचे, आणि त्या दोन रेघांमध्ये पेनाने उभ्या अक्षरांत लिहायला लागले. हात कापत होता. अक्षरं रेघांबाहेर जात होती. तिसऱ्या ओळीला त्यांनी थांबून एक अक्षर खोडलं आणि पुन्हा नीट काढलं. संघप्रिया बघत उभी होती. तिला ते पेन त्यांच्या हातातून घेऊन स्वतः लिहून द्यावंसं वाटलं, एवढं वाटलं की तिने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

त्यांनी सही केली. उस्मानने कागद घडी घालून तिला दिला. केशवराव उठले, बॅग घेतली. कंपास पेटी टेबलावरच राहिली, ती त्यांनी तिच्या बाजूला थोडी सरकवली. तिने हात लावला नाही.

दाराशी ते थांबले. तीन पावलांवर असतील. सवयीने त्यांचा हात वर आला, तिच्या डोक्यापर्यंत काही पोचला नाही.

"जय भीम, पोरी," ते म्हणाले.

तिला उत्तर द्यायचं नव्हतं. पण जय भीम काही त्या माणसाच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता. तो तिला तिच्या बापाने दिला होता, वाडीने दिला होता. तिने मान ताठ केली.

"जय भीम, केशवराव," ती म्हणाली.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांना नावाने हाक मारली होती. ते त्यांनाही कळलं. त्यांनी मान डोलावली आणि बुदैयाच्या रस्त्यावर टॅक्सी बघायला गेले.